कॉईलवाल्या सुमनबाई

सुमनबाई तार ओठांनी तपासायच्या. निक्रोमच्या तारेचं नवं वेटोळं आलं की तिचं टोक दोन ओठांत हलकेच धरायच्या आणि डोळे मिटून तार सावकाश ओढत राहायच्या. मधेच थांबायच्या, त्या जागी नखानं खूण करायच्या आणि म्हणायच्या, "इथं पातळ हाय. इथंच जळणार." सुरुवातीला माझा विश्वास बसेना. मी स्टोअर सांभाळायचो. तारेची जाडी मोजायचं यंत्र माझ्या कपाटात होतं. दोन-तीनदा मी ते आणून पाहिलं. बाईंची खूण एकदाही चुकली नाही. मग मी ते यंत्र न्यायचं बंद केलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. भाड्याच्या इमारतींवर कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, रस्त्यावर जीपगाड्या वाढल्या होत्या आणि प्रत्येक साहेब नवीन होता. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. विहिरींचा तळ दिसायला लागला की पंप कोरडे ओढतात, विजेचा दाब कमी असला की आणखी तापतात, आणि मग जळतात. त्या उन्हाळ्यात आमच्या कारखान्याच्या दारात जळालेल्या मोटारींची रांग लागली होती. मोटारी भरून देणं हेच आमचं काम. जुनी जळकी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, सगळं वार्निशात बुडवायचं आणि विजेच्या भट्टीत दहा तास भाजायचं. वार्निश नीट भाजलं तर मोटार दहा वर्षं चालते. कच्चं राहिलं तर तासाभरात धूर.

भट्टी म्हणजे माणूस वाकून आत शिरू शकेल एवढी लोखंडी खोली. तिच्या दोन्ही भिंतींवर चिनीमातीच्या खुंट्यांना निक्रोमच्या कॉईली टांगलेल्या. वीज सोडली की त्या लाल होतात आणि खोली तापते. ह्या कॉईलीच आमचं दुखणं होतं. दर पंधरा दिवसांनी एक तरी तुटायची. नवी हैदराबादेहून यायची, तोवर काम बंद.

अशाच एका बंद दिवशी सुमनबाई सोनकांबळे फाटकात येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. उंच, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला, हातात कापडी पिशवी. मूळच्या उदगीरकडच्या. वडील, त्या त्यांना अण्णा म्हणायच्या, सिकंदराबादला एका कारखान्यात कॉईली वळायचे, त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. आमचे मालक बसवंतआप्पा ओटीवर बसले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात पंखा. बाईंचं ऐकून ते हसले.

"बाई, हे काय शेवया वळायचं काम हाय का?"

"न्हाई आप्पा. शेवई तुटली तर खाता येती."

आप्पांचं हसू थांबलं. त्यांनी बाईंना भट्टी दाखवली. बाई आत वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "दाराकडच्याच कॉईली जळतेत न? दार उघडलं की गार हवा त्यांच्यावरच जाती. त्या जराशा मागं घ्या, आन् खुंट्या वाढवा. तार लोंबून राहिली."

त्या दिवसापासून त्या आमच्याकडं लागल्या.

त्यांची कॉईल वळायची तऱ्हा वेगळीच. एका टोकाला दांडा असलेली पोलादी सळई, दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली. डाव्या हातानं दांडा फिरवायचा, उजव्या हातानं तार ताणून धरायची. वेढे त्या तेलुगूत मोजायच्या, कारण वडील तसे मोजायचे. ओकटी, रेंडू, मूडू. आवाज एवढा हळू की ओठच हलताना दिसायचे. त्या मोजत असताना कुणी बोललं तर त्या काही म्हणायच्या नाहीत. हात थांबवायच्या, वळलेली सगळी तार उलगडायच्या आणि पुन्हा एकपासून सुरू करायच्या. एकदा आप्पांनी घाईनं विचारलं, "झालं का?" तीनशे वेढे झाले होते. बाईंनी आप्पांच्या डोळ्यांदेखत ते सगळे उलगडले. त्यानंतर त्या सळईजवळ बसल्या की आप्पाही पायातल्या चपला काढून चालायचे.

"घाई असंल तर घरी जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणालाही ऐकवायच्या.

पाणी तेव्हा कारखान्यात एका पिंपात भरून ठेवायचे. टँकर दिवसाआड यायचा. पहिल्या आठवड्यात बाई पिंपाकडं गेल्या, तेव्हा आमचा फोरमन नागनाथ पुढं झाला. "तुम्ही थांबा बाई, मी वरून ओततो," म्हणाला. बोलण्यात गोडी होती, पण अर्थ सगळ्यांना कळला. मलाही कळला. मी नोंदवहीत मान घातली. बाईंनी ओंजळ केली नाही. परत गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरून तांब्या आणू लागल्या.

महिन्याभरानं नागनाथची तारा सांधायला डाग द्यायची इस्त्री जळाली. ती त्याची स्वतःची, जीव की प्राण. त्यानं ती बाईंसमोर नेऊन ठेवली. बाईंनी आतली जळकी कॉईल काढली, अभ्रकाच्या पट्टीवर नवी वळली, इस्त्री बंद करायच्या आधी त्याच्याकडं पाहिलं.

"माझ्या हातची हाय. चालंल का?"

नागनाथ इस्त्री घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पिंपावर कुणाचाच पहारा नव्हता. तरी बाईंनी आपला तांब्या आणणं सोडलं नाही.

भट्टीच्या छताला धूर जाण्यासाठी झडप होती आणि तिच्यावर पंखा. वार्निशाची वाफ आत कोंडली तर पेटते, म्हणून. दाब कमी असल्यानं भट्टी तापत नव्हती. उष्णता वाचावी म्हणून नागनाथनं एकदा त्या झडपेवर पत्रा ठेवला. बाई कामाला आल्या, नाकानं दोनदा हवा ओढली आणि काही न बोलता आधी मुख्य खटका पाडला. मग शिडी लावून वर चढल्या, पत्रा खाली फेकला. खाली उतरून पदरानं तोंड पुसलं.

"आमच्या अण्णाला भुवया नव्हत्या," त्या म्हणाल्या. "एकदा असाच पत्रा ठिवला होता तिथल्या मुकादमानं. अण्णाच्या भुवया गेल्या. मुकादम पुरा गेला."

मग त्या बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसल्या. 

उन्हाळा चढला तसा दाब आणखी उतरला. दोनशे तीसच्या जागी व्होल्टमीटरचा काटा एकशेसत्तरवर रेंगाळायचा. एवढ्या दाबावर कॉईली नुसत्या काळपट तांबूस व्हायच्या, भट्टी निम्मीही तापायची नाही. बाईंनी आप्पांना सांगितलं, "कॉईली आखूड वळते. आखूड तार कमी दाबावर बी लाल होती. पण एक हाय. दाब एकदम वाढला तर ती जळणार. कुणीतरी काट्यापुढं बसून राहायला लागंल. एकशेनव्वद दिसला की खटका पाडायचा."

"कोण बसणार दिवसभर?"

"मी बसते."

त्या बसायच्या. आमच्या भोवती सगळ्या डाळ मिली. बारा वाजता त्यांचे भोंगे वाजायचे, मिली जेवायला थांबायच्या आणि सगळी वीज आमच्याकडं धावून यायची. बारा वाजायच्या आधी पाच मिनिटं बाईंचा हात खटक्यावर असायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो.

देवणीकडच्या एका गावाजवळ जनावरांची छावणी होती. काळ्या-पांढऱ्या देवणी गाई, बैल, वासरं, आसपासच्या वाड्यांमधून आणलेली. छावणीला पाणी एकाच विहिरीचं, आणि तिची मोटार जळाली. मोटार टेंपोत घालून चार जण आले. त्यांच्यात माणिकबाबा नावाचे म्हातारे होते. डोक्याला मळकट पटका, खांद्यावर पाण्याची चामडी पखाल. ते मोटारीजवळून हलायला तयार नव्हते. दोन दिवसांत आम्ही मोटार भरली, वार्निशात बुडवली, निथळत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला भट्टीत घातली. म्हणजे दुपारी तीनला निघायची.

साडेअकराला एक जीप आली. नव्या जिल्ह्यातले एक साहेब उतरले. पांढरा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. छावणीवर चार वाजता मंत्री येणार होते. मंत्र्यांसमोर पाणी वाहिलं पाहिजे. मोटार बाराला हवी.

आप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, भाजायला अजून साडेतीन तास—"

"गेले तीन दिवस तुम्ही काय करत होता? जनावरं तडफडतायत तिकडं! कोण आहे भट्टीवर?"

सुमनबाई काट्यापुढून उठल्या नाहीत. साहेब आत आले. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, जरा इथं बसा. काट्यावरून नजर काढू नका. एकशेनव्वद झाला की खटका खाली. इचारू नका मला, नुसता पाडा." आणि त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्ता काढली तर कच्ची निघंल," त्या म्हणाल्या. "पाण्यात उतरली की जळंल. मग अजून चार दिवस."

"मला शिकवू नका. गरम आहे ना? मग झाली. उघडा दार."

"न्हाई."

 साहेबांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांचा चेहरा पडलेला. सरकारी मोटारी मिळाव्यात म्हणून ते दोन महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होते.

साहेब माणिकबाबांकडं वळले. "तुम्हीच सांगा हिला. तुमची जनावरं आहेत."

म्हातारा पुढं आला.  "बाई, कालपासून पाणी न्हाई. टँकर आला तो माणसालाच पुरला न्हाई. वासरं जिभा काढून पडलीत. द्या की ओ. देवावर हवाला ठिवून द्या."

मला वाटलं, आता बाई दार उघडतील.  मी त्यांच्याकडंच बघत होतो. सगळेच त्यांच्याकडं बघत होते.

आणि डाळ मिलींचे भोंगे वाजले.

मी मान वळवली तेव्हा काटा दोनशे वीसवर होता. मी खटका पाडला. पण त्याआधी आतून एक बारीक 'टण्' ऐकू आलं. भट्टीच्या काचेतला लाल उजेड एका बाजूनं गेला.

बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. फार तर एक क्षण. मग साहेबांना म्हणाल्या, "कॉईल तुटली. जुनी होती."

ती जुनी नव्हती. आठ दिवसांपूर्वी माझ्यासमोर वळलेली होती.

साहेब काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. मुद्दाम केलं म्हणाले. अशा बायका ठेवता म्हणून आप्पांना बोलले. त्या गोंधळात बाई मला म्हणाल्या, "भाऊ, पंखा चालू ठिवा. पाच मिन्टं कुणी दाराला हात लावायचा न्हाई." वाफ निघून जाण्यासाठी ती पाच मिनिटं. त्या घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. भट्टी गार होऊ दिली असती तर सगळा दिवस वाया गेला असता. तापलेल्या भट्टीतच तुटलेली टोकं जोडायची होती.

नागनाथ म्हणाला, "मी जातो आत."

"तुला दिसायचं न्हाई टोक कुठंय ते. मी टांगलीय ती."

हाताला गुंडाळायला ओलं पोतं हवं होतं. पिंप सकाळीच कोरडं पडलं होतं. बाईंच्या तांब्यात घोटभर पाणी उरलेलं. तेव्हा माणिकबाबांनी खांद्यावरची पखाल काढली. ते त्यांचं आणि तिघा सोबत्यांचं परतीच्या वाटेवरचं पाणी होतं. त्यांनी बाईंचा हात आपल्या हातात घेतला, पोतं गुंडाळलं आणि वरून पखाल ओतली. सगळी.

दार उघडलं. त्या धगीनं आम्ही मागं सरलो. बाई कमरेपर्यंत आत वाकल्या. दोन टोकं ओढून एकमेकांवर घ्यायची, पितळी चिमट्यात धरायची, स्क्रू आवळायचा. पोत्यातून वाफ निघत होती. स्क्रू पोत्यातल्या बोटांना सापडेना तेव्हा बाईंनी दुसऱ्या हातानं पोतं बाजूला ढकललं आणि उघड्या बोटांनी तो आवळला.  माणिकबाबाच कण्हत होते.

बाहेर येऊन त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "दार लावा. आता साडेचार धरा."

साहेबांची जीप निघून गेली. बाई काट्यापुढं बसल्या. उजव्या हाताला नागनाथनं खोबरेल लावून फडकं बांधलं होतं, म्हणून डावा हात खटक्यावर. मी शेजारी उभा होतो. आता माझीही नजर काट्यावर होती.

साडेचारला मोटार निघाली. वार्निश काकवीसारखं तपकिरी, कडक. बाईंनी डाव्या हाताचं नख त्यावर दाबून पाहिलं. ओरखडा उमटला नाही. "न्या," म्हणाल्या.

दहा-बारा दिवसांनी माणिकबाबा आले. मोटार चालू होती. रात्री आठला पाणी आलं, म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की त्या संध्याकाळी दोन वासरं गेली.

बाई सळईजवळ होत्या. "किती वाजता?"

"दिवस मावळताना."

"बाराला दिली असती तर?"

 खोटं बोलायला म्हातारा आला नव्हता. "ती दोन वाचली असती बहुतेक. आन् मोटार जळली असती तर चारशे गेली असती. तुम्ही बरोबर केलं बाई."

बाईंनी मान हलवली. म्हातारा गेल्यावर त्या फडकं बांधलेल्या हातानंच कॉईल वळायला बसल्या. मी बघत होतो. कुणी बोललं नव्हतं, कुणी जवळही गेलं नव्हतं. शंभरेक वेढे झाल्यावर त्या थांबल्या आणि सगळी तार उलगडून टाकली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा उलगडली. तिसऱ्यांदा उठून घरी गेल्या.

पुढं महिनाभरात कचेरीतून निरोप आला की आमच्याकडं सरकारी मोटारी येणार नाहीत. आप्पा वाईट माणूस नव्हते, पण घाबरट होते. "बाई, हात बरा होईपर्यंत घरी बसा," ते म्हणाले. त्याचा अर्थ बाईंना कळला. त्यांनी आपली सळई आणि दोन ठोकळे पिशवीत घातले. त्या फाटकातून जाताना मी स्टोअरच्या खिडकीत होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. काटा माझ्याकडं होता, एवढंच. मी ते आप्पांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

बहिणीकडं नांदेडला गेल्या, असं नंतर कळलं.

पाच-सहा वर्षांनी मी काही कामानं नांदेडला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकड्यावर सुमनबाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबट पुडकं. उजव्या हाताची दोन बोटं आत वळून तशीच राहिलेली. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली.

मी बसलो आणि इतकी वर्षं राहून गेलेलं बोलून टाकलं. "बाई, त्या दिवशी माझी नजर हलली."

"हाव," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाय मला."

"तुम्ही साहेबांना सांगितलं नाही."

"तुम्हाला बशिवलं कुणी? मीच न?" त्यांनी मांडीवरचं पुडकं नीट केलं. "पर तुम्ही आप्पाला सांगायला पायजे होतं भाऊ. लई दिवस वाट बघितली मी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते ऐकणं जास्त कठीण गेलं. 

किनवटची गाडी यायची होती. तिकडं कुणीतरी लाकूड वाळवायची विजेची खोली बांधली होती आणि तिच्या कॉईली टिकत नव्हत्या. बाईंना बोलावणं आलं होतं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"वाचा."

त्यांना वाचता येत होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी घडी उलगडली. वर टाइप केलेलं होतं, 'श्रीमती सुमनबाई सोनकांबळे, भट्टी-मिस्त्री, नांदेड, यांस.'

आमच्या कारखान्याची हजेरीही मीच लिहायचो. चार-पाच महिने मी दर सकाळी त्यांच्या नावापुढं 'मजूर, स्त्री' असं लिहीत आलो होतो. रकाना तोच होता, दुसरा मला सुचला नव्हता.

मी पहिली ओळ हळू आवाजात वाचली. गाडी येत होती, फलाटावर गलका वाढला होता.

"ऐकू येऊन न्हाई राहिलं," बाई रुळांकडं बघत म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा की भाऊ."

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचलं.